कृष्णाकाठावरील आयनांबर

सांगली आकाशवाणी मध्यम लहरींवर ऐकत मोठ्या झालेल्या पिढीला एक अनुभव परिचित आहे. दिवसा जवळची केंद्रे तेवढी लागत. सूर्यास्तानंतर मात्र शेकडो किलोमीटर दूरची केंद्रेही ऐकू येऊ लागत. याचे कारण आपल्या माथ्यावरील आयनांबरात आहे.

सूर्याचे अतिनील व क्ष-किरण हवेच्या अणुरेणूंतून इलेक्ट्रॉन मुक्त करतात. मागे उरतो तो धनभारित आयन. सुमारे ६० ते ९० किलोमीटर उंचीवर हे आयन प्रामुख्याने नायट्रिक ऑक्साइडचे, ऑक्सिजन रेणूंचे आणि पाण्याच्या रेणूंनी वेढलेले असतात. दिवसा मध्यम लहरी येथेच शोषल्या जातात. रात्री येथील इलेक्ट्रॉन जवळजवळ नाहीसे होतात आणि लहरी वरच्या थरांवरून परततात.

अनित्यतेचा पाठ आपण धम्मवर्गात शिकतो. विज्ञानाच्या पुस्तकांत मात्र हे थर कायमचे असल्यासारखे रेखाटलेले असतात. वास्तविक प्रत्येक थर म्हणजे आयनांच्या निर्मितीचा आणि नाशाचा चालू हिशेब होय. साधारण १०० किलोमीटरच्या वर हवा नीट मिसळत नाही. जड रेणू खाली राहतात, हलके अणू वर उरतात. म्हणून २०० किलोमीटरच्या पुढे अणुरूप ऑक्सिजनचा आयन वरचढ ठरतो आणि त्याहून वर हायड्रोजनचा. ही दुसरी सीमाही स्थिर नाही. सूर्य विशेष शांत असताना, २००८ साली, ‘सी-नॉफ्स’ उपग्रहाला ती रात्री सुमारे ४५० किलोमीटरपर्यंत उतरलेली आढळली.

रेणूचा आयन इलेक्ट्रॉनला भेटताच दुभंगतो व चटकन संपतो. एकट्या अणूला ती सोय नाही. त्याला आपला भार आधी एखाद्या रेणूकडे सोपवावा लागतो, आणि त्या उंचीवर रेणू विरळ. त्यामुळेच वरचा थर रात्रभर तग धरतो.

या देवाणघेवाणीतून सुमारे २५० किलोमीटर उंचीवर ६३० नॅनोमीटरचा तांबूस प्रकाश उमटतो. डोळ्यांना तो दिसत नाही. परंतु आपल्या कितीतरी माजी विद्यार्थ्यांनी जेथून पदवी घेतली, त्या कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या आवारात भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या कॅमेऱ्यांनी तो टिपला आहे. त्या चित्रांत कधी दक्षिणोत्तर काळे पट्टे सरकताना दिसतात. चुंबकीय विषुववृत्तावर सूर्यास्तानंतर उठणारे, आयन विरळ असलेले हे बुडबुडे पुरेसे उंच चढले की चुंबकीय बलरेषांच्या आधाराने आपल्या अक्षांशापर्यंत पसरतात. त्यांतून येणारा जीपीएसचा संकेत थरथरतो, क्वचित तुटतोही.