'अनलिमिटेड'ला मर्यादा किती?

'अनलिमिटेड' हा शब्द आता वस्तीवस्तीत चहा-साखरेइतका ओळखीचा झाला आहे. जाहिरातीत तो ठळक अक्षरांत असतो. त्याच्या डोक्यावरची चांदणी मात्र भिंग घेऊन शोधावी लागते. कारकुनी करता करता कोणताही कागद तळापासून वाचण्याची खोड आम्हाला लागली आहे. त्या तळाच्या ओळीचाच हा हिशोब वाचक बंधू-भगिनींपुढे मांडतो.

उदाहरण सरकारी कंपनीचेच घेऊ. २०२० च्या ऑक्टोबरात बीएसएनएलने ४४९ रुपयांची फायबर योजना आणली. ३३०० जीबी वापरापर्यंत ३० एमबीपीएस वेग, पुढे महिना संपेपर्यंत २ एमबीपीएस. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की बिल जवळजवळ ५३० रुपये. ३३०० जीबीला ३० दिवसांनी भागले तर रोजचे ११० जीबी येतात. चांगल्या प्रतीचे चित्र पाहायला तासाला साधारण ३ जीबी लागतात. म्हणजे ही मर्यादा ओलांडायला रोज छत्तीस तास पडद्यापुढे बसावे लागेल! साध्या कुटुंबाला ती लागतच नाही.

मग रात्री आठ ते अकरा नेट का रडते?

चाळीच्या नळाचा अनुभव असलेल्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही. पाणी सुटले की सगळ्यांच्या बादल्या एकदमच लागतात आणि धार बारीक होते. घरापर्यंतची तार आपली असली, तरी पुढची मोठी वाहिनी सगळ्यांत वाटलेली असते. सगळे एकाच वेळी वापरणार नाहीत या भरवशावर कंपन्या एकच क्षमता अनेकांना विकतात. ट्रायने २००९ साली यासाठी मार्गदर्शक प्रमाण दिले होते: घरगुती ग्राहकांसाठी एकास पन्नास, व्यावसायिकांसाठी एकास तीस. भरवसा वाईट नव्हता. पण आता जेवणाच्या वेळी पन्नासही घरांत पडदे चालू असतात.

महिन्याच्या मर्यादेतील खरा दोष इथेच दिसतो. तिला घड्याळ कळत नाही. पहाटे तीनला कोणी पन्नास जीबी उतरवून घेतले, तर त्याचा शेजाऱ्याला काडीचा त्रास नाही. तेच रात्री नऊला केले तर अख्ख्या गल्लीचा वेग खाली येतो. हिशोबात मात्र दोन्ही सारखेच! या बाबतीत बीएसएनएलची जुनी पाचशे रुपयांची योजना आम्हाला अधिक न्यायाची वाटते. तीत दिवसाच्या वापराला मर्यादा होती; रात्री दोन ते सकाळी आठ मात्र मोकळे रान. किती पोरांनी गजर लावून दोनला संगणक सुरू केले असतील कोण जाणे! गर्दी हलवण्याचा तो साधा उपाय होता. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा नेटफ्लिक्स, यूट्यूब यांसारख्या कंपन्यांनीही चित्राची प्रत कमी करून वाहिन्यांवरचा भार हलका केला होता. म्हणजे मनात आणले तर जमते.

कारण संध्याकाळची ही वेळ फक्त मालिकांची नाही. दिवसभर कामावर असलेल्या मुलामुलींचा स्पर्धा परीक्षेचा ऑनलाइन वर्ग याच वेळी असतो. अर्जाच्या शेवटच्या तारखेला छायाचित्र व जातीचे प्रमाणपत्र चढवण्याची धडपडही याच वेळी. चाक फिरत राहते, बारा वाजतात, मुदत संपते. एक वर्ष जाते.

घरच्या घरी काही गोष्टी करता येतील. खेळ व फोनची अद्ययावत आवृत्ती रात्री झोपताना लावून द्यावी. काही खेळ एकेकटे १०० जीबीच्या पुढे जातात. अभ्यासिकेत एकाच जोडणीवर अनेकजण बसतात. तिथे संध्याकाळी वर्ग आधी आणि चित्रफिती नंतर, असा नियम भिंतीवर लावावा.

दुसरे म्हणजे मोजमाप. एमबीपीएस म्हणजे मेगाबिट. आठ बिटांचा एक बाइट. म्हणून ३० एमबीपीएसवर सेकंदाला पावणेचार एमबीच उतरतात. त्याला फसवणूक म्हणू नये. फसवणूक आहे की नाही ते वहीवरून ठरेल. आठवडाभर पहाटे सहाला आणि रात्री नऊला वेग मोजावा, शक्यतो वायफाय सोडून तार लावून. पहाटे २८ आणि रात्री ४ असे आकडे रोज आले, तर दोष तुमच्या यंत्रात नाही, पुढच्या वाहिनीत आहे. दोन्ही वेळा २ च असेल तर आधी मर्यादा संपली का ते पाहावे.

ट्रायच्या २०१६ च्या निर्देशानुसार मर्यादा किती आणि ती संपल्यावर वेग किती, हे कंपनीने ग्राहकाला स्पष्ट सांगायचे आहे. २०२३ च्या जानेवारीत सरकारने ब्रॉडबँडची किमान व्याख्याही ५१२ केबीपीएसवरून २ एमबीपीएस केली. तेव्हा 'मॅडम, संध्याकाळी असंच असतं' या उत्तरावर फोन ठेवू नये. तक्रार क्रमांक मागून वहीत लिहावा. निकाल पटला नाही तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येते. त्याला शुल्क नाही. अपिलासोबत वहीच्या त्या पानाची झेरॉक्स जोडावी.