बिनकुलपाचे खेळ

जुलै २००८ मधली गोष्ट. युबीसॉफ्टचा ‘रेनबो सिक्स : व्हेगास २’ हा खेळ काहींनी दुकानातून डबा न आणता रीतसर पैसे मोजून इंटरनेटवरून उतरवून घेतला होता. कंपनीने दुरुस्तीचा पॅच दिला, लोकांनी तो बसवला आणि खेळ मूळ डिस्क मागू लागला. यांच्याकडे डिस्क असणार कुठून? तक्रारी वाढल्या तेव्हा कंपनीच्या मदत विभागाने एक फाइल पुरवली. ती जुन्या फाइलच्या जागी टाकली की खेळ सुरू होत होता. काही चौकस मंडळींनी ती फाइल हेक्स एडिटरमध्ये उघडली. तिथे डावीकडे आकड्यांच्या रांगा दिसतात आणि उजवीकडे त्या आकड्यांतून वाचता येईल तेवढा मजकूर. त्या मजकुरात एक नाव सापडलं : ‘रीलोडेड’. खेळांची कुलपं फोडून ते फुकट वाटणाऱ्या त्या काळातल्या नामांकित टोळ्यांपैकी ही एक. कंपनीच्या कुलपात कंपनीचेच ग्राहक अडकले होते आणि त्यांच्या सुटकेसाठी कंपनीच्याच मदत केंद्रातून चोरांची किल्ली वाटली गेली होती. बभ्रा झाल्यावर फाइल काढून घेण्यात आली.

हे प्रकरण वाचलं तेव्हापासून मला या विषयाचा नाद लागला तो लागलाच. गेम घ्यायचा तर इन्स्टॉलर हातात मिळतो का, हे मी आधी पाहतो. तो हार्ड डिस्कवर उतरवायचा, इंटरनेट बंद करायचं, दुसऱ्या संगणकावर न्यायचा आणि तिथे तो कोणाची परवानगी न विचारता चालला पाहिजे. डीआरएम, म्हणजे हे डिजिटल कुलूप, नसलेला खेळ म्हणजे एवढंच. असा खेळ मिळत असेल तर मी जास्त पैसे देतो आणि मिळत नसेल तर बहुतेक वेळा घेतच नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या फूटपाथवर पायरेटेड सीड्यांचे गठ्ठे पाहत जी पिढी मोठी झाली, तिच्यातला मी एक. त्यामुळे ‘कुलूप नाही म्हणजे चोरांना मोकळं रान’ हे म्हणणं मला कधी पटलं नाही. त्या गठ्ठ्यांतला प्रत्येक खेळ मुळात कुलूपबंदच होता.

कुलपांचा जुना इतिहास बहुतेकांना ठाऊक आहे. मॅन्युअलमधल्या अमुक पानावरचा तमुक शब्द टाइप करा, ‘मंकी आयलंड’ची पुठ्ठ्याची चकती फिरवा, ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’त योग्य अक्षराच्या बाटलीतलं औषध प्या, वगैरे. त्यांतलं एक मात्र थांबून पाहण्यासारखं आहे. १९८० च्या दशकाच्या मध्यावर ब्रिटनमध्ये लेन्सलॉक नावाची प्लास्टिकची घडीची भिंग-चौकट निघाली. झेडएक्स स्पेक्ट्रमवर ‘एलिट’ हा खेळ चढवला की टीव्हीवर उभ्या पट्ट्यांत फाटलेली अक्षरं उमटत. आधी पडद्यावरच्या खुणा आणि चौकटीची रुंदी जुळवून घ्यायची, मग एक डोळा मिटून चौकट काचेला टेकवायची. प्रिझममधून त्या पट्ट्या जुळून दोन अक्षरं दिसली तर ती टाइप करायची. टीव्ही फार मोठा किंवा फार लहान असला तर अक्षरं जुळतच नसत. भरीस भर म्हणजे ‘एलिट’च्या काही डब्यांत भलत्याच खेळाची भिंगं गेली. त्या ग्राहकांनी खेळ विकत घेतला होता आणि तो उघडण्याचा कोणताही सरळ मार्ग त्यांच्याकडे नव्हता.

पुढची वीस वर्षं हाच प्रकार अधिकाधिक कडक होत गेला. सप्टेंबर २००८ मध्ये ‘स्पोर’ बाजारात आला तो सिक्युरॉमचं कुलूप आणि तीनच अ‍ॅक्टिव्हेशनची मर्यादा घेऊन. अ‍ॅमेझॉनवर संतापलेल्या ग्राहकांनी एका ताऱ्याच्या अभिप्रायांचा ढीग लावला, अमेरिकेत खटला दाखल झाला आणि तरीही त्या वर्षी टोरंटवर सर्वाधिक उतरवल्या गेलेल्या खेळांत ‘स्पोर’च आघाडीवर राहिला. मार्च २०१० मध्ये युबीसॉफ्टचे सर्व्हर कोलमडले आणि एकट्याने खेळायचा ‘असॅसिन्स क्रीड २’ पैसे भरलेल्यांना खेळता येईना.

सगळ्यांत मोठा फटका बसला तो मात्र आवाज न होता. डिस्कवरच्या खेळांवर सेफडिस्क नावाचं कुलूप सर्रास असायचं. ते विंडोजमध्ये स्वतःचा ड्रायव्हर बसवायचं. सुरक्षेच्या दृष्टीने हा ड्रायव्हर म्हणजे भगदाड होतं. २०१५ मध्ये विंडोज १० आलं तेव्हा मायक्रोसॉफ्टने त्याला थारा दिला नाही आणि त्याच सप्टेंबरमध्ये एका अपडेटने जुन्या विंडोजवरही तो निकामी केला. मायक्रोसॉफ्टने केलं ते योग्यच होतं. पण जगभरच्या कपाटांतल्या अस्सल, ओरखडाही नसलेल्या असंख्य डिस्का त्यामुळे चालेनाशा झाल्या. माझ्याकडच्याही काही त्यांत होत्या. फूटपाथवरच्या क्रॅक केलेल्या सीड्यांवर याचा काहीही परिणाम झाला नाही, कारण त्यांतलं कुलूप आधीच काढलेलं होतं.

या सगळ्यातून बाहेर पडण्याची वाट ज्यांनी व्यापार म्हणून चालवून दाखवली, ते दोघे पायरसीच्याच बाजारात वाढले होते. माझ्या शोधाला खरी गोडी आली ती इथे.

मार्चिन इव्हिन्स्की आणि मिहाऊ किचिन्स्की हे वॉर्सामधले शाळासोबती. १९८० च्या दशकातल्या कम्युनिस्ट पोलंडमध्ये खेळ विकणारं अधिकृत दुकान असं जवळजवळ नव्हतंच. पोलंडचा जुना कॉपीराइट कायदा १९५२ चा, त्यात सॉफ्टवेअरचा विचारच नव्हता. त्यामुळे कॉपी करून विकणं हा गुन्हा धरला जात नसे. वॉर्सात सुटीच्या दिवशी संगणकांचा बाजार भरायचा. लोक टेबलं मांडून कॅसेटी, पुढे डिस्केट विकायचे. ग्रझिबोव्स्का रस्त्यावरचा बाजार त्यांतला सर्वांत प्रसिद्ध. पोरसवदा इव्हिन्स्की तिथलाच. त्याने सांगितलेली एक आठवण मला फार मोलाची वाटते. परदेशी मासिकातल्या छोट्या जाहिरातीवरून त्याने ग्रीसमधल्या एका अनोळखी माणसाला पत्र लिहिलं, मोडक्यातोडक्या इंग्रजीत, सोबत कोरी कॅसेट. ‘टार्गेट : रेनेगेड’ हा खेळ भरून पाठवाल का, एवढीच विनंती. कॅसेट भरून परत आली. तो खेळ तेव्हा वॉर्साच्या बाजारात कोणाकडेच नव्हता आणि त्या आठवड्यात हा मुलगा तिथला नायक झाला.

हा अनुभव हिशेबाच्या वहीतून येत नाही. दुर्मीळ खेळ मिळवण्यासाठी माणूस काय काय करतो आणि कॉपी करणारा बहुतेकदा त्या खेळाचा सर्वांत मोठा चाहता असतो, हे इव्हिन्स्कीने टेबलाच्या त्या बाजूला उभं राहून पाहिलं होतं.

फेब्रुवारी १९९४ मध्ये पोलंडच्या संसदेने नवा कॉपीराइट कायदा केला. त्याच वर्षी या दोघांनी सीडी प्रोजेक्ट ही कंपनी काढली. अमेरिकेतून सीडीवरचे खेळ मागवून ते विकू लागले. कायदा बदलला म्हणून बाजारातली टेबलं काही उठली नव्हती. पायरेटेड माल तिथेच, त्याच भावात मिळत होता आणि यांना अस्सल माल विकायचा होता.

१९९९ मधला ‘बाल्डर्स गेट’ हा त्यांचा सगळ्यात धाडसी डाव. प्रचंड मजकुराचा, पाच सीड्यांचा खेळ. मूळ कंपनी इंटरप्लेला किमान ३,००० प्रतींची हमी हवी होती आणि पोलंडमध्ये एवढ्या प्रती खपणं ही तेव्हा मोठी गोष्ट होती. यांनी सगळा खेळ पोलिश भाषेत आणला. निवेदनासाठी पिओत्र फ्रोन्चेव्स्की हा रंगभूमी-चित्रपटांतला घराघरांत ठाऊक असलेला नट घेतला, इतर आवाजही कसलेल्या नटांचे. डब्यात जुन्या चर्मपत्रासारखा नकाशा, नियमांचं पुस्तक आणि संगीताची सीडी घातली. किंमत पायरेटेड संचाच्या सुमारे दुप्पट होती. पहिल्याच दिवशी १८,००० प्रती बाहेर पडल्या.

माझ्या मते या धंद्याचा सगळा धडा या आकड्यात आहे. बाजारातल्या टेबलावर जे मिळू शकत नव्हतं, ते यांनी डब्यात घातलं. चोराशी स्पर्धा करायची तर ग्राहकाला चोरापेक्षा जास्त द्यायला हवं. कुलूप लावणारा ग्राहकाला चोरापेक्षा कमी देतो.

‘स्पोर’चा गोंधळ चालू होता त्याच सुमारास, २००८ च्या शरद ऋतूत, सीडी प्रोजेक्टने ‘गुड ओल्ड गेम्स’, म्हणजे आजचं जीओजी, सुरू केलं. जुने खेळ नव्या विंडोजवर चालतील असे दुरुस्त केलेले, सोबत मॅन्युअल आणि संगीत, किंमत सहा किंवा दहा डॉलरच्या आत आणि कुलूप अजिबात नाही. सुरुवातीला इंटरप्लेसारख्या मोजक्या कंपन्या आल्या, मग युबीसॉफ्ट, अ‍ॅक्टिव्हिजन आणि २०११ मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्स. ‘स्पोर’ काढणारी कंपनी ती हीच.

जीओजीचं सगळंच मला आवडतं असं नाही. सप्टेंबर २०१० मध्ये त्यांनी ‘या स्वरूपात पुढे चालू शकत नाही’ अशी पाटी लावून दुकान चार दिवस बंद ठेवलं. ज्यांनी इन्स्टॉलर उतरवून ठेवले नव्हते त्यांची झोप उडाली. मग मालक मंडळी संन्याशांचे झगे घालून कॅमेऱ्यापुढे आली, माफी मागितली आणि नवं रूप जाहीर केलं. ज्या दुकानाची सगळी पुंजी म्हणजे विश्वास, त्याने असला खेळ करायला नको होता.

त्यांचं जे काम क्वचितच दिसतं, ते मात्र थोर आहे. जुन्या खेळाची मालकी शोधणं ही अफाट किचकट गोष्ट. कंपनी बुडते, हक्क दुसरीला जातात, तीही बुडते, कागद कुणाच्या तरी वारसाकडे पडून राहतात. अशाच एका खेळासाठी जीओजीने चक्क खाजगी गुप्तहेर नेमला. हक्क ज्याच्याकडे होते तो माणूस ब्रिटनमध्ये जगापासून दूर राहत होता आणि आपल्याकडे असे काही हक्क आहेत याची त्याला कल्पनाच नव्हती. कळल्यावर त्याने आनंदाने साथ दिली. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्यांनी शंभर खेळांपासून जतनाचा उपक्रम सुरू केला : हे खेळ पुढच्या संगणकांवरही चालत राहतील याची जबाबदारी दुकान स्वतः घेतं.

आता यातला अवघड भाग. मे २०११ मध्ये सीडी प्रोजेक्टचा स्वतःचा ‘द विचर २’ आला. जीओजीवर तो बिनकुलपाचा, पण दुकानातल्या डब्यावर वितरकांच्या आग्रहामुळे सिक्युरॉम. महिना संपायच्या आत कंपनीने पॅच देऊन ते कुलूप काढलं. कुलूप गेल्यावर खेळ जास्त वेगाने पळतो, हेही तिनेच सांगितलं. युरोपातला वितरक नामको बंदाई यावर भडकला आणि हे भांडण इतर मुद्द्यांसह फ्रान्समध्ये कोर्टात गेलं. आणखी एक गोष्ट त्या वर्षी उघड झाली. जीओजीची प्रत कोणीही फोडल्याशिवाय जशीच्या तशी वाटू शकलं असतं, तरी टोरंटवर मुख्यतः फिरली ती डब्यातल्या प्रतीचं कुलूप फोडून केलेली आवृत्ती. इव्हिन्स्कीला स्वतःलाच याचं आश्चर्य वाटलं होतं.

त्याच वर्षअखेरीला टोरंटवरच्या गर्दीवरून ढोबळ हिशेब करून त्याने ‘विचर २’च्या ४५ लाख चोरट्या प्रतींचा अंदाज सांगितला. विकल्या गेलेल्या होत्या सुमारे दहा लाख. आणि जर्मनीत लोकांच्या घरी वकिलांच्या नोटिसा पोहोचू लागल्या : तुम्ही हा खेळ चोरून उतरवलात, सुमारे ९०० युरो भरा. पाठवणारी कंपनी सीडी प्रोजेक्ट. ज्याने लहानपणी ग्रीसला कोरी कॅसेट धाडली होती, त्याच्याच कंपनीकडून हे यावं याचं मला मनापासून दुःख झालं. निर्दोष माणसंही यात भरडली जातात अशी ओरड झाली. जानेवारी २०१२ मध्ये कंपनीने खुलं पत्र काढून नोटिसा थांबवल्या. चाहत्यांचा विश्वास महत्त्वाचा मानून माघार घेतल्याचं त्यात स्पष्ट होतं. पुढचा ‘द विचर ३’ २०१५ मध्ये पहिल्या दिवसापासून जीओजीवर बिनकुलपाचा मिळत होता आणि २०२३ पर्यंत त्याच्या पाच कोटींहून अधिक प्रती खपल्या. कुलपाशिवाय धंदा बुडतो म्हणणाऱ्यांनी या आकड्याचं उत्तर द्यावं.

ग्राहकही गप्प बसले नाहीत. सप्टेंबर २०२१ मध्ये जीओजीवर ‘हिटमॅन’ आला, पण त्यातली बरीचशी बक्षिसं आणि कामगिऱ्या इंटरनेट असल्याशिवाय उघडत नव्हत्या. लोकांनी इतकं धारेवर धरलं की ऑक्टोबरात तो दुकानातून उतरवावा लागला. मार्च २०२४ मध्ये युबीसॉफ्टने ‘द क्रू’चे सर्व्हर बंद केले आणि एकट्याने खेळणाऱ्यांचाही खेळ संपला. त्यातून युरोपात उभ्या राहिलेल्या मोहिमेला पुढच्या वर्षी दहा लाखांहून जास्त सह्या मिळाल्या. दुकानाची मालकीही दरम्यान बदलली : २०२५ संपता संपता किचिन्स्कीने जीओजी सीडी प्रोजेक्टकडून स्वतः विकत घेतलं.

कायद्याचं म्हणाल तर, कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये एक कायदा केला : जे विकत घेतलंय ते उद्या काढून घेतलं जाऊ शकत असेल, तर ‘खरेदी करा’ असं नुसतं लिहिता येणार नाही, हा फक्त परवाना आहे हे ग्राहकाला स्पष्ट सांगावं लागेल. कायम ऑफलाइन वापरता येईल अशी प्रत उतरवून देणाऱ्याला यातून सूट आहे. आपल्याकडे २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात ६५-अ हे कलम आलं. कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड, पण हक्कभंगाचा हेतू असेल तरच. शिवाय कलम ५२ प्रमाणे घेतलेल्या प्रोग्रामची प्रत हरवण्या-बिघडण्यापासून संरक्षण म्हणून करून ठेवता येते. माझ्या वाचनाप्रमाणे हे कुलूप तोडण्याबद्दलच्या अमेरिकी कायद्यापेक्षा समंजस आहे. पण प्रत करून ठेवण्याची मुभा ग्राहकाला आहे, करू देण्याची सक्ती विक्रेत्यावर नाही आणि बटणावर ‘खरेदी’ लिहून परवाना विकायला आपल्याकडे अशी स्पष्ट आडकाठी नाही. खेळ घेणाऱ्या प्रत्येकाने आपल्या खासदाराला, ग्राहक पंचायतीला पत्र लिहून कॅलिफोर्नियासारखी तरतूद, त्यातल्या सुटीसकट, मागितली पाहिजे. मी लिहिलं आहे.