डोंगरातला झरा का आटतो?

पाऊस कमी झाला म्हणून डोंगरातले झरे आटले, असे सरसकट बोलले जाते. पावसाची लहर बदलली आहे हे खरे, पण तेवढ्याने उलगडा होत नाही. नीती आयोगाच्या २०१८ च्या अहवालानुसार भारतीय हिमालयातले जवळपास निम्मे झरे आटत चालले आहेत. सिक्कीममध्ये सुमारे ८० टक्के ग्रामीण कुटुंबे पाण्यासाठी झऱ्यांवर, तिथल्या भाषेत ‘धारां’वर, विसंबून असतात. पावसाळ्यात तिथे धो धो पाऊस पडतो, पण तीव्र उतारावरून तो वाहून जातो. जमिनीत मुरतो त्यातलाच थोडा वाटा झऱ्याला मिळतो. माथ्यावरचे जंगल विरळ झाले, वाटेत रस्ते खोदले गेले, की हा वाटाही घटतो आणि हिवाळ्यात पायऱ्यांच्या शेतांवर भाजीपालाही घेता येत नाही.

दुसरा समज अधिक महागात पडतो: झरा जिथे फुटतो तिथेच त्याची काळजी घ्यायची. मग तोंडाशी सिमेंटची टाकी बांधली जाते. पण टाकी पाणी साठवते, वाढवत नाही. पाणी खडकांच्या थरांतून आणि भेगांतून, त्यांच्या कलाप्रमाणे सरकते. त्यामुळे झऱ्याचे पाणी मुरते ती जागा कधी कधी डोंगराच्या दुसऱ्या अंगाला, शेजारच्या गावाच्या हद्दीत असते. सिक्कीम सरकारने २००८ मध्ये सुरू केलेल्या ‘धारा विकास’ कार्यक्रमात आधी खडकाचा अभ्यास झाला, मग पाणी मुरवण्यासाठी योग्य जागी चर आणि तळी खोदली गेली. या अभ्यासात पुण्याच्या ‘अ‍ॅक्वाडॅम’ संस्थेचे भूवैज्ञानिक होते, आणि खोदकामाची मजुरी राष्ट्रीय रोजगार हमी योजनेतून मिळाली. महाराष्ट्रात आधी रुजलेल्या रोजगार हमीच्या कल्पनेचे हे फार मोलाचे फळ आहे.

चर खोदल्याने दरडी कोसळतील, हा आक्षेप गंभीर आहे आणि चुकीच्या जागी खरा ठरतो. म्हणूनच खड्या किंवा सैल उतारावर चर खोदायचे नसतात. बोअरवेल हा सोपा उपाय वाटतो, पण ती बहुधा झऱ्याला पुरवठा करणाऱ्या भूजलसाठ्यातलेच पाणी उपसते आणि खालचा झरा आधी कोरडा पडतो. नुसती झाडे लावूनही भागत नाही, कारण मुळात पाणी मुरण्याची जागा ठाऊक हवी.

सह्याद्रीतही मुसळधार पावसाच्या गावांना उन्हाळ्यात टँकर लागतो. तिथल्या ग्रामपंचायतींनी पुढची टाकी बांधण्याआधी आपल्या झऱ्याचा डोंगर भूवैज्ञानिकाकडून तपासून घ्यावा.