स्थानिक वृत्तपत्राचा ऱ्हास आणि जाहीर सूचनेचा प्रश्न : मावळ तालुक्याच्या संदर्भात

मुद्रित वृत्तपत्रांचा ऱ्हास हा विषय आता नवा राहिलेला नाही. तथापि त्याची चर्चा बहुधा मोठ्या शहरांतील दैनिकांपुरती होते, आणि बातमी मोबाइलवर आधी पोहोचते म्हणून कागद मागे पडला, एवढ्यावर ती थांबते. तालुक्याच्या साप्ताहिकास हे कारण पुरेसे लागू पडत नाही. त्यातील बातमी पूर्वीही ताजी नसे. अंक निघण्याआधीच ती गावच्या पारावर माहीत झालेली असे. मग ही पत्रे का वाचली जात, कशावर जगत, आणि ती गेल्याने नेमके काय जाते, ह्या तीन प्रश्नांचा विचार मावळ तालुका व लोणावळा शहर डोळ्यांपुढे ठेवून प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

मराठी वृत्तपत्रसृष्टीचा आरंभ बाळशास्त्री जांभेकरांच्या 'दर्पणा'ने ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत झाला. पुण्यात 'ज्ञानप्रकाश' १८४९ साली निघाले, तर ठाण्याचे 'अरुणोदय' १८६६ मधील होय. मावळची परिस्थिती काहीशी निराळी होती. पुणे-खंडाळा लोहमार्ग १८५८ साली सुरू झाला, बोरघाटातील मार्ग १८६३ साली पुरा झाला, आणि १८७७ साली लोणावळ्यास नगरपालिका मिळाली. ज्या लोहमार्गाने हे गाव वाढविले, त्याच लोहमार्गाने पुण्यामुंबईची पत्रेही येथे आणून पोहोचविली. पुढे डॉ. ना. भि. परुळेकरांनी १ जानेवारी १९३२ रोजी पुण्यात 'सकाळ' सुरू केला व गावोगावच्या वार्ताहरांचे जाळे विणले. त्यामुळे वडगाव, तळेगाव, लोणावळा अशा गावांतील साप्ताहिकांना वाव राहिला तो मोठ्या पत्रांनी सोडलेल्या जागेत. नगरपालिकेच्या सभेतील ठराव, सोसायटीची निवडणूक, शाळेचा निकाल, रस्त्याची निविदा, निधनवार्ता, हे त्यांचे क्षेत्र होते. वाचक ही पत्रे वाचीत, ती आपल्या गावाची नोंद त्यांत पाहावयास मिळे म्हणून.

दुसरा प्रश्न अर्थकारणाचा. अंकाच्या किमतीतून कागद, छपाई व विक्रेत्याचे कमिशन भागत नाही. ती तूट जाहिरातीने भरून काढावी लागते. छोट्या पत्रांच्या जाहिराती मुख्यतः चार प्रकारच्या असत : शासकीय व नगरपालिकीय सूचना, जमीनव्यवहारापूर्वी वकिलांनी द्यावयाच्या जाहीर नोटिशी, दुकाने व हॉटेले ह्यांच्या जाहिराती, आणि दिवाळी, प्रजासत्ताकदिन वा पुढाऱ्यांचे वाढदिवस ह्या निमित्तांच्या शुभेच्छा. हे चारही झरे एकामागून एक आटत गेले. निविदांचा तपशील संकेतस्थळावर गेला व वृत्तपत्रात त्रोटक सूचना उरली. पर्यटकांचे आरक्षण ऑनलाइन होऊ लागल्याने लोणावळ्याच्या हॉटेलवाल्यास गावातील पत्राची गरज उरली नाही. शुभेच्छा चौकातील फ्लेक्सवर गेल्या, आणि निधनवार्ता व्हॉट्सॲपच्या समूहांवर. २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झाले, तेव्हा ह्या स्थलांतरास वेग आला. २०२० च्या टाळेबंदीत वृत्तपत्रांचे वितरण खंडित झाले, व एप्रिलमध्ये राज्य शासनाने घरोघर वाटपास काही काळ मनाई केली. तेव्हा रोज सकाळी अंक घेण्याची सवयही अनेक घरांतून मोडली. सारांश, वाचक दुरावण्याच्या आधीच जाहिरातदार दुरावू लागला होता.

नव्या साधनांनी काहीच दिले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. घाटात दरड कोसळली अथवा द्रुतगती मार्गावर वाहतूक अडली, तर त्याची वार्ता आता काही मिनिटांत सर्वांस कळते. परंतु बातमीचे दोन प्रकार आहेत, हे येथे ध्यानात घ्यावे. १५ जून २०२५ रोजी मावळातील कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल कोसळून चार जणांचा मृत्यू झाला. त्याची दृश्ये त्याच दिवशी देशभर पोहोचली. हा पूल धोकादायक होता व नव्या पुलास मंजुरीही मिळालेली होती, ह्या गोष्टींची व्यापक चर्चा मात्र दुर्घटनेनंतरच झाली. पूल पडणे ही एका क्षणाची घटना होय. तो जीर्ण होत जाणे, मंजुरी मिळणे, काम लांबणे, ही कित्येक महिन्यांची मंद बातमी होय. ती देण्यासाठी कोणीतरी दर महिन्याला कचेरीत जाऊन तीच फाइल पुन्हा मागावी लागते, आणि त्या कामाचे वेतन कोठून तरी निघावे लागते. अमेरिकेत २००५ पासून एक तृतीयांशाहून अधिक वृत्तपत्रे बंद पडली आहेत. तेथील अभ्यासकांना असे आढळले की, स्थानिक पत्र बंद झालेल्या भागांत नगरशासनांना कर्जावर अधिक व्याज मोजावे लागते. कारण देखरेख करणारे कोणी उरले नाही, हे ऋणको-धनकोंच्या बाजारासही कळते.

आता तिसऱ्या व सर्वांत महत्त्वाच्या प्रश्नाकडे वळू. आपले अनेक कायदे वृत्तपत्र वाचले जाते हे गृहीत धरून रचलेले आहेत. राष्ट्रीय महामार्ग अधिनियम, १९५६ अन्वये भूसंपादनाच्या अधिसूचनेचा सारांश दोन स्थानिक वृत्तपत्रांत, त्यांपैकी एका देशी भाषेतील पत्रात, द्यावा लागतो. हरकतीस मुदत २१ दिवसांची. २०१३ च्या भूसंपादन कायद्यातही त्या भागात खपणाऱ्या दोन दैनिकांची अट आहे, आणि मुदत ६० दिवसांची. त्या कायद्याने ग्रामपंचायत, तहसील कचेरी व संकेतस्थळ ह्यांची जोड दिली, हे खरे. पण आंदर मावळ, नाणे मावळ व पवन मावळ ह्या खोऱ्यांतील वाड्यांवर जेथे अंकच पोहोचत नाही, तेथे सूचना कायद्याने प्रसिद्ध होते आणि व्यवहारात गुप्त राहते.

खाजगी व्यवहारांत हा दोष अधिक जाणवतो. मुंबई-पुण्याच्या मधोमध असल्याने मावळातील जमिनीस मोठी मागणी आहे. खरेदीपूर्वी वकील 'ह्या गट नंबरावर कोणाचा हक्क असल्यास अमुक दिवसांत कळवावे' अशी नोटीस देतात. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीस मुलाइतकाच हक्क दिला. लग्न होऊन दूरच्या गावी गेलेल्या बहिणीने ती नोटीस कोठे वाचावयाची? उत्तर न दिल्याने तिचा हक्क आपोआप नष्ट होत नाही. परंतु पुढे वाद न्यायालयात गेला, म्हणजे खरेदीदार आपल्या प्रामाणिकपणाचा पुरावा म्हणून तेच कात्रण पुढे करतो. पूर्वी गावातील साप्ताहिकात गट नंबर पाहून एखादा शेजारी निरोप धाडी. तो दुवा आता तुटत चालला आहे.

ह्याला जोडूनच दप्तराचा प्रश्न येतो. १८६७ च्या कायद्याने प्रत्येक अंकावर मुद्रक, प्रकाशक व संपादक ह्यांची नावे छापणे बंधनकारक केले. त्याची जागा घेणारा २०२३ चा कायदा मार्च २०२४ पासून अमलात आला असून तो मुद्रित नियतकालिकांपुरता आहे. वृत्तपत्राची प्रत कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय इत्यादी संस्थांकडे पाठविण्याचे बंधन १९५६ पासून आहे. समूहावर फिरणाऱ्या मजकुरास ना मुद्रक, ना दिनांकित प्रत. १९२१ साली सुरू झालेल्या मुळशी सत्याग्रहाचा इतिहास आज लिहिता येतो, त्यास 'केसरी'सारख्या समकालीन पत्रांच्या संचिका मोठ्या प्रमाणात कारणीभूत आहेत. पवना जलवाहिनीच्या विरोधातील आंदोलनात ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथे गोळीबार होऊन तिघांचा बळी गेला. त्या दिवसाचा वृत्तांत दैनिकांत मिळेल. परंतु त्याआधी गावोगाव झालेल्या सभा, निवेदने व मतभेद ह्यांचा माग उद्याच्या संशोधकाने कशावरून काढावा?

ह्यावरून दोन गोष्टी करण्याजोग्या दिसतात. पहिली, प्रत्येक जाहीर सूचना गाव व गट नंबर ह्यांनुसार शोधता येईल अशा एकाच सार्वजनिक नोंदवहीत नोंदविणे सक्तीचे करावे व ती ग्रामसभेत वाचून दाखवावी. दुसरी गोष्ट विद्यापीठीय विभागांच्या हातची आहे. बंद पडलेल्या वा पडू घातलेल्या साप्ताहिकांच्या संचिका संपादकांच्या घरांत व जुन्या छापखान्यांत अद्याप असण्याचा संभव आहे. मावळच्या पावसात कागद फार काळ टिकत नाही. त्यांची सूची करून छायाप्रती घेण्याचे काम पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी एकेक गाव वाटून घेतल्यास होण्यासारखे आहे, आणि ते पुढील पावसाळ्यापूर्वी सुरू व्हावयास हवे.