आयर्लंडचे लोकसंगीत आणि 'फ्ला'

आयरिश लोकसंगीताचे आज जगभर कौतुक होते. परंतु 1950 च्या सुमारास हेच संगीत विझू लागले होते आणि त्यास काही अंशी धर्मगुरूही कारणीभूत होते, हे आम्ही प्रांजळपणे नमूद केले पाहिजे.

पूर्वी खेड्यांत एखाद्याच्या स्वयंपाकघरात शेजारीपाजारी जमत; फिडल, बासरी वाजे, नाच रंगे. अशा नृत्यांमुळे नीतिमत्ता ढासळेल, अशी भीती तेथील महागुरूंना वाटली. त्यांच्या आग्रहास्तव 1935 साली नृत्यगृहांचा कायदा आला आणि परवान्याविना सार्वजनिक नाच बंद झाला. रोख सार्वजनिक नृत्यांवर होता. पण काही गावांत धर्मगुरू व पोलीस यांनी घरगुती मैफलीही मोडल्या. नाच धर्मग्रामाच्या सभागृहात गेला. त्या प्रशस्त दालनात एकट्या फिडलचा आवाज कसा पुरणार? वाद्यवृंद आले, घरचा वादक मागे पडला.

1951 साली पेन्टेकॉस्टच्या सुटीत मलिंगर येथे पहिला 'फ्ला', म्हणजे संगीतोत्सव, भरला. आता तो ऑगस्टमध्ये, निरनिराळ्या नगरांत भरतो. जिल्हा व प्रांत पातळीवर निवडले गेलेले वादक तेथे स्पर्धेत उतरतात. परंतु खरी मौज रस्त्यावर! अनोळखी वादक वर्तुळात बसतात, एक जण सूर धरतो, बाकीचे त्यात मिसळतात. कोपराने भाता दाबून वाजवावयाचे इलन पाइप आजोबा-नातू शेजारी बसून वाजवितात.

ख्रिस्तसभेनेही पुढे हे सूर आपलेसे केले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर शॉन ओ रीअडा यांनी आयरिश भाषेतील मिस्सा लोकसंगीताच्या वळणाने बांधली. 1979 साली पोप दुसरे जॉन पॉल यांच्या डब्लिनमधील मिस्साप्रसंगी दहा लाखांहून अधिक भाविकांपुढे 'द चीफ्टन्स' या लोकवादकांचे वादन झाले.