बुलबुल आणि सिंहपुच्छ माकड

माकडाचें नांव निघतांच शेतकऱ्याच्या कपाळास आठ्या पडतात. ज्याचा हरभरा किंवा मका कणसासकट गेला, त्यास भूतदयेचा उपदेश रुचत नाहीं, हें आम्ही जाणतों. परंतु सर्व माकडें एकाच मापानें मोजणें योग्य नव्हे. यासाठीं येथें दोन प्राण्यांची तुलना करीत आहों. दोघेही झाडांवर राहून फळें व किडे खातात. एक घरोघरीं दिसतो, दुसरा नामशेष होण्याच्या वाटेवर आहे.

पहिला लालबुड्या बुलबुल. बांधावरची बोर, परसांतील पेरू, कुंपणाची घाणेरी, त्यास सर्व चालतें. मादी एका वेळीं दोन-तीन अंडीं घालते. सुमारें १४ दिवसांत पिलें निघतात. घरटें मोडलें तर जोडी दुसरें बांधते.

दुसरें सिंहपुच्छ माकड. काळें तोंड, भोंवतीं रुपेरी आयाळ, शेपटीस गोंडा. कर्नाटक, केरळ व तमिळनाडू येथील सह्याद्रीच्या रानांवांचून जगांत अन्यत्र तें रानटी स्थितींत नाहीं. मादीस पहिलें पिलूं सुमारें सहाव्या वर्षीं होतें. एका वेळीं एकच, आणि पुढचें बहुधा दोन-तीन वर्षांनीं. २०२० च्या सुमारास प्रौढ माकडें अदमासें २,५०० च उरलीं होतीं.

चहा, कॉफी व वेलदोडा यांच्या लागवडीसाठीं रान तुटून त्याचे तुकडे झाले. बुलबुल मोकळें शेत उडून ओलांडतो. झाडावरून झाडावर जाणाऱ्या माकडाची वाट मात्र तेथेंच खुंटते. वालपराई येथें तर त्यांच्यासाठीं रस्त्यावरून टांगते पूल बांधावे लागले. केरळांतील सायलेंट व्हॅलींत धरणाचा बेत सोडून १९८४ सालीं राष्ट्रीय उद्यान जाहीर झालें, तेव्हां तेथील रान वांचलें.

यांतील मर्म शेतकऱ्यास सांगावयास नको. ज्वारी बुडाली तर पुढील हंगामीं भरून निघते; आमराई तोडली तर नातवासच फळ मिळतें. बुलबुल ज्वारीसारखा, हें माकड आमराईसारखें.

हें माकड महाराष्ट्रांत नाहीं. पण आपला शेकरूही फांदीला फांदी भिडलेल्या रानांतच जगतो. म्हणून रानालगत ज्यांची जमीन आहे, त्यांनीं ओढ्याकांठची झाडांची रांग व देवराई तुटूं देऊं नये, अशी आमची आग्रहाची विनंती आहे. उभें पीक अवश्य राखावें. परंतु जें पुन्हां लवकर उगवत नाहीं, त्यावर कुऱ्हाड घालण्यापूर्वीं दोनदां विचार करावा.