शेळीपालन : आधी लस, मग बाजार

हिंगोली जिल्ह्यात शेळीपालन हा थोड्या भांडवलाचा धंदा आहे. कोणी दारात दोन-चार उस्मानाबादी शेळ्या बांधतो, तर कोणी बाजारातून करडे आणून बकरी ईदसाठी वाढवितो. चाऱ्याचा हिशेब सारेच करतात, लसीचा फार थोडे करतात. धंदा बुडतो तो नेमका येथेच.

शेळ्यांचा सर्वांत घातक रोग म्हणजे पीपीआर, अर्थात शेळ्यांची बुळकांडी. भारतात तो प्रथम १९८७ साली तामिळनाडूत आढळला. जोराचा ताप, नाका-डोळ्यांतून स्राव, तोंडात फोड, हगवण आणि नंतर न्यूमोनिया ही त्याची लक्षणे. रोग विषाणूचा असल्याने त्यावर हमखास औषध नाही. लस मात्र आहे. तीन महिन्यांवरील करडाला कातडीखाली एकदा टोचली की सुमारे तीन वर्षे संरक्षण मिळते.

दुसरा शत्रू आंत्रविषार. पहिल्या पावसाचा कोवळा चारा अधाशीपणे खाल्लेले धडधाकट करडू सकाळी मेलेले आढळते. याची लस पावसाळ्यापूर्वी दरवर्षी द्यावी. पहिल्या वर्षी दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा एकदा द्यावी.

आमच्या व्यापारी बांधवांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. लस टोचली की त्याच दिवशी संरक्षण मिळत नाही; त्याला दोन-तीन आठवडे लागतात. शिवाय बाजारातून आणलेल्या बोकडात रोग आधीच शिरलेला असू शकतो व तो चार-सहा दिवसांनी दिसू लागतो. म्हणून नवे जनावर तीन आठवडे वेगळे बांधावे. जंताचे औषध लसीच्या आठवडाभर आधी पाजावे. आजारी जनावरास लस टोचू नये.

ईदच्या तोंडावर धावपळ करून उपयोग नाही. दीड-दोन महिने आधीच लसीकरण उरकावे. उघडपणे आजारी जनावराची कुर्बानी जायज नाही, हे सर्वांस ठाऊक आहे. तेव्हा असा बोकड विकणाऱ्याचे नुकसान होते आणि घेणाऱ्याचीही फसगत होते.

पीपीआरच्या एका बाटलीत अनेक जनावरांपुरती लस असते. ती बर्फात ठेवावी लागते आणि एकदा मिसळली की लगेच वापरावी लागते. यासाठी मोहल्ल्यातील शेळीपालकांनी एकत्र येऊन जनावरांची संख्या जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावी व एकच दिवस ठरवून घ्यावा. लसीची तारीख वहीत लिहून ठेवावी. गिऱ्हाईकाला ती वही दाखविता आली, तर बोकडाची किंमत मागताना आवाज खाली आणावा लागणार नाही.